भावाला मणक्याचा वात निघालाय, तोही मामांसारखा वाकणार का? हा आजार पुढे कसा जातो ते कशावर ठरतं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. भाऊ २६ वर्षांचा, दोन वर्षं रोज सकाळी कंबर धरते, आधी मणक्यात गॅप आहे म्हणून ट्रॅक्शन लावलं, बेडरेस्ट सांगितली, आणि आता एचएलए-बी२७ या जीनची टेस्ट पॉझिटिव्ह येऊन अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणका ताठ करत नेणारा संधिवात, असं निदान झालंय. त्यात घरात मोठे मामा आहेत, त्यांना विशीत सुरू झालं, कळलं पंचेचाळिसाव्या वर्षी, आता त्यांची मान आणि पाठ एकसंध झालीय आणि बाजूचा माणूस बघायला सगळं अंग वळवावं लागतं. भावाचंही असंच होणार का, एवढंच तुम्हाला विचारायचंय. मी बावीस वर्षं संधिवाताचेच पेशंट बघतोय आणि हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, बहुतेक वेळा आईच विचारते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे मामांकडे बघून भावाचं भविष्य ठरवू नका. मामांना झालं तेव्हा या आजाराला आपल्याकडे फारसं काही नव्हतं, वेदनाशामक गोळ्या आणि व्यायाम, बस. टीएनएफ नावाचं सूज वाढवणारं रसायन अडवणारी इंजेक्शनं या आजारात चालतात हे दाखवणारे अभ्यास २००२ साली आले. म्हणजे मामांच्या मणक्यात पंचवीस वर्षं आग धुमसत होती आणि तिच्यावर कोणी पाणीच टाकलं नाही, शिवाय तुम्ही लिहिलंय तशी बिडी चालू होती. आज जे दिसतंय ते आजाराचं आणि त्या पंचवीस वर्षांचं मिळून झालेलं आहे. भावाला दोन वर्षांत निदान मिळालंय. जगभरात सरासरी बघितली तरी त्रास सुरू झाल्यापासून निदानापर्यंत पाच ते दहा वर्षं जातात, त्या मानाने तुम्ही बरंच लवकर पोचलात.

आता तो बी२७. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात रडारड सुरू होते, मी बघितलंय. या जीनचा आणि या आजाराचा संबंध १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस अशा दोन ठिकाणी एकाच वर्षी सापडला, आणि आता हे माहितीय की तो असणाऱ्या शंभर माणसांतली साधारण पाच-सहा माणसंच आयुष्यात कधी या आजाराला सामोरी जातात, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. तुमच्या घरात तो मामांच्या घराण्यातून आईमार्फत भावाकडे आला असणार, आणि आईला तर काहीच त्रास नाही ना? म्हणजे जीन असून आजार नाही असं उदाहरण बहुतेक घरातच आहे. बी२७ असला की आजार जरा कमी वयात सुरू होतो, डोळ्याला सूज यायची शक्यता जास्त असते, एवढं खरं, पण एकदा आजार झाल्यावर पुढची वीस वर्षं कशी जातील हे त्या एका रिपोर्टवरून सांगता येत नाही, तो परत परत काढायचाही नसतो.

मग कशावरून सांगता येतं? १९९४ साली पॅरिसच्या आमॉर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक अभ्यास केला होता, जुना आहे पण मी आजही नवीन पेशंट बसला की मनातल्या मनात त्यांची यादी तपासतो. पहिल्या दोन वर्षांत काय काय दिसतं ते त्यांनी बघितलं: खुब्याचा सांधा धरलाय का, ईएसआर, म्हणजे सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, तीसच्या वर आहे का, वेदनाशामक गोळ्यांना दाद मिळत नाही का, कंबर वाकायची कमी झालीय का, हाताचं किंवा पायाचं एखादं बोट अख्खं सुजून जाड झालंय का, हातापायाचे दोन-तीन सांधे सुजलेत का, आणि आजार सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झाला का. यातलं काहीच नसेल तर आजार सौम्य चालायची शक्यता खूप. खुबा धरलेला असेल, किंवा बाकीच्यांपैकी तीन गोष्टी असतील, तर मात्र कडक आजार समजून सुरुवातीपासूनच जोर लावायचा.

या यादीत खुबा सगळ्यात वजनदार आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. पाठ ताठ झाली तरी माणूस जगतो, काम करतो, गाडी चालवतो, पण दोन्ही खुबे गेले की उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, मोजा घालायला बायको लागते. माझ्याकडे एक यंत्रमागावरचा कामगार आला होता, तो कंबरेसाठी चार वर्षं गोळ्या घेत होता आणि जांघेत दुखतंय हे तो प्रत्येकाला सांगत होता पण ते कोणी मनावरच घेतलं नाही, शेवटी एक्सरे काढला तेव्हा दोन्ही खुब्यांतली गादी संपलेली, वय एकतीस. त्याचे सांधे बदलले, आता तो चालतो, पण ते टळण्यासारखं होतं याची खंत मला आजही आहे. म्हणून भावाला विचारा की जांघेत दुखतं का, मांडी घालताना एका बाजूचा गुडघा वर राहतो का. राहत असेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे आत सूज किती आहे आणि ती किती काळ राहते. सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्तातली दुसरी तपासणी, वर्षानुवर्षं चढलेला, एमआरआयमध्ये सूज दिसते, आणि एक्सरेत मणक्यांच्या कडेला हाडाचे छोटे पूल तयार व्हायला सुरुवात झालीय, असं सगळं एकत्र असेल तर त्या मणक्यात पुढे आणखी पूल तयार होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. ज्याला एक पूल आहे त्याला दुसरा होतो, हे जर्मनीतल्या आणि इतर ठिकाणच्या पेशंटचा वर्षानुवर्षं माग ठेवून पुन्हा पुन्हा दिसलंय. हे पूल एकमेकांना जोडत गेले की बांबूच्या पेरांसारखा मणका दिसतो, त्यालाच आम्ही बांबू स्पाइन म्हणतो. आणि एकदा जुळलेलं हाड कुठल्याही औषधाने सुटत नाही, म्हणूनच सगळी धडपड पहिल्या काही वर्षांत करायची असते. एक मात्र आहे, बऱ्याच पेशंटचा सीआरपी नॉर्मलच असतो, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाही किंवा थांबला असं समजायचं नाही.

इथे एक गोष्ट घोळ घालते. दुखणं आणि नुकसान हे बरोबरीने चालतातच असं नाही. काही जणांना पाठ जुळून गेल्यावर दुखायचं कमी होतं, ते मला येऊन सांगतात डॉक्टर आता बरं वाटतंय, आणि मी भिंतीला उभं केलं की डोकं भिंतीला टेकत नाही. याच्या उलट काहींची सूज पूर्ण शांत असते पण झोप लागत नाही, मन खचलेलं असतं, अंगभर दुखतं, आणि मग इंजेक्शनं बदलत बसतात. म्हणून दुखण्याचा आकडा, सकाळी किती वेळ ताठरतो तो वेळ, सीआरपी आणि हालचालीचं माप हे सगळं एकत्र बघावं लागतं. तुमचे डॉक्टर बासडाय नावाचे सहा प्रश्न विचारत असतील, शून्य ते दहामध्ये, त्यात चार किंवा वर म्हणजे आजार चालू आहे असं धरतात. भावाला सांगा तिथे खरं उत्तर दे, आपल्याकडे मुलं डॉक्टरांसमोर बरंय बरंय म्हणतात आणि घरी रात्री तीनला उठून फेऱ्या मारतात.

सिगरेट. यावर मी अजिबात मऊ बोलणार नाही. फ्रान्समधल्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटमध्ये दिसलं की सिगरेट ओढणाऱ्यांचा आजार लवकर सुरू होतो आणि एमआरआयमध्ये सूज जास्त असते, जर्मनीतल्या पेशंटमध्ये दिसलं की ओढणाऱ्यांच्या मणक्यात पूल जास्त वेगाने तयार होतात. तुमच्या हातात असलेली, फुकट होणारी आणि आजाराची दिशा बदलू शकणारी दुसरी कुठली गोष्ट मला तरी माहीत नाही. मी पेशंटला सरळ सांगतो, तू महिन्याला हजारोंचं इंजेक्शन घेणार आणि टपरीवर जाऊन त्याचा असर घालवणार असशील तर आधी टपरी सोडूया. या आजारात छातीचा पिंजरा पण आखडतो, फुगायचा कमी होतो, त्यात धूर घातला तर जिना चढताना कळतंच. भाऊ ओढतो की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. मित्रांत अधूनमधून असेल तर तेही मोजा.

कामाचं काय, तो वर्कशॉपमध्ये आहे म्हणून विचारतोय असं दिसतंय. नेदरलँड्स, बेल्जियम आणि फ्रान्समधल्या पेशंटचा बारा वर्षं माग ठेवला होता, त्यात अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांमध्ये तेवढ्याच सुजेने हाडाचं नुकसान जास्त झालेलं दिसलं. बेल्जियममध्ये घेंटला उंदरांवर प्रयोग झाले, मागचे पाय अधांतरी ठेवून त्यांच्यावरचा भार काढला तर टाचेपाशी जिथे स्नायूची दोरी हाडाला चिकटते तिथली सूज कमी झाली. म्हणजे भार आणि सूज यांचं काहीतरी नातं आहे. पण याचा अर्थ काम सोडून घरी झोपून राहा असा कृपया काढू नका, कारण झोपून राहणं या आजारात सगळ्यात वाईट, त्या बेडरेस्टच्या महिन्यात भाऊ आणखी आखडला असं तुम्हीच लिहिलंय. मी याचा अर्थ असा लावतो की सूज चढलेली असताना पोती उचलणं, तासन्तास वाकून वेल्डिंग करणं, धक्के बसणाऱ्या गाडीवर दिवसभर फिरणं टाळा, सूज उतरली की हळूहळू वाढवा. मालकाला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून काम बदलून मिळत असेल तर मागा, त्यात लाज कसली.

व्यायाम औषधाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि एकट्याने घरी करण्यापेक्षा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेला जास्त लागू पडतो. पाठ मागे ताणणारे व्यायाम, छाती फुगवणारे श्वास, मान फिरवणं, आणि पोहणं येत असेल तर फारच छान. झोपायला घट्ट गादी, उशी पातळ, आणि रोज पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपायचं, त्याने खुबे आणि पाठ सरळ राहायला मदत होते. एक कळकळीची विनंती, मणका बसवून देणाऱ्याकडे, कटकट आवाज काढून देणाऱ्याकडे नेऊ नका. जुळत आलेला मणका आतून ठिसूळ असतो, असा झटका दिला तर तुटतो.

वजन जास्त असेल तर टीएनएफच्या इंजेक्शनांचा असर कमी होतो, हे दिसलेलं आहे. आहाराबद्दल दर पेशंटला कोणीतरी सांगितलेलं असतं की आंबट बंद, दही बंद, वांगं बंद, भात बंद. लंडनमध्ये पिष्टमय पदार्थ कमी करायचा आहार एका संशोधकांनी सुचवला होता, पण त्याने मणक्याचं जुळणं थांबतं असं सिद्ध झालेलं नाही. ज्वारीची भाकरी, भाजी, डाळ, दूध-दही, अंडी खात असाल तर खाऊ द्या, हाडांना कॅल्शियम लागतंच आणि हा आजार हाडं पोकळ पण करतो. मात्र वारंवार जुलाब, शौचात रक्त, वजन उतरणं असं असेल तर सांगा, कारण काही पेशंटना आतड्याची सूजही असते आणि मग औषधाची निवड बदलते.

औषधांचं थोडक्यात सांगतो कारण ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचंय. पहिली पायरी वेदनाशामक गटातल्या गोळ्या, पण त्या पूर्ण डोसमध्ये, दोन ते चार आठवडे, आणि एकाने जमलं नाही तर दुसरी. पोट, किडनी, बीपी बघत बघत. दुखलं की अर्धी गोळी, असं वर्षभर केलं तर गोळी लागू पडली की नाही हेच कळत नाही. सल्फासालाझीन किंवा मेथोट्रेक्सेट हातापायाच्या सांध्यांना उपयोगी, पण पाठीच्या आजाराला त्यांचा उपयोग दिसलेला नाही, तरी माझ्याकडे लोक तीन-तीन वर्षं फक्त मेथोट्रेक्सेटवर राहून येतात आणि ती वर्षं परत मिळत नाहीत. पोटातून स्टेरॉइड पाठीला देत नाहीत. बिननावाच्या पुड्या, काळ्या गोळ्या यात बऱ्याचदा स्टेरॉइडच असतं, दोन दिवसांत उडी मारल्यासारखं बरं वाटतं म्हणून लोक भुलतात आणि मग पस्तावतात, चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडं भुसभुशीत होतात.

गोळ्यांनी भागलं नाही तर टीएनएफ किंवा आयएल-१७ (सूज वाढवणारं असंच दुसरं रसायन) अडवणारी इंजेक्शनं, किंवा टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब अशा गोळ्या. टीएनएफचं औषध लवकर सुरू केलं आणि चार वर्षांहून जास्त चालू राहिलं तर हाडाचे पूल तयार व्हायचा वेग कमी होतो असं दिसलंय, सहा महिन्यांत मात्र एक्सरेत काही फरक दिसत नाही, तेव्हा बरं वाटलं म्हणून मधेच तोडू नका. पैशाचा प्रश्न खरा आहे, मी तो रोज ऐकतो. अडालिमुमॅब या टीएनएफच्या इंजेक्शनाची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपनीने बनवलेली आवृत्ती, आपल्याच देशात २०१४ च्या डिसेंबरमध्ये आली आणि तेव्हापासून भाव बरेच उतरलेत, गोळ्यांच्या जेनेरिकही आल्यात, तेव्हा डॉक्टरांना खर्चाचं उघड बोला, कमी करत नेता येतं का तेही विचारा, पण स्वतःच्या मनाने बंद केलं की बहुतेकांचा आजार काही महिन्यांत परत उसळतो. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी, छातीचा एक्सरे आणि त्वचेची किंवा रक्ताची टेस्ट, हे सोडायचंच नाही, झोपलेला टीबी असेल तर त्याचं औषध आधी सुरू करतात. आणि टेस्ट चांगल्या आल्या तरी पुढे ताप, खोकला, गाठ, वजन उतरणं दिसलं तर इंजेक्शन थांबवून लगेच दाखवायचं, आपल्या भागात हे विसरून चालत नाही.

डोळा अचानक लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, तर डोळे आलेत म्हणून मेडिकलमधून थेंब आणू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. चारांतल्या एका पेशंटला आयुष्यात कधी ना कधी हे होतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की तुमची बी२७ टेस्ट करायची का. तुम्हाला काही त्रास नसेल तर मी करणार नाही, कारण पॉझिटिव्ह आली तरी आज करण्यासारखं काही नाही आणि काळजी मात्र आयुष्यभर लागते. पण सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो म्हणून लक्षणं ओळखा: पंचेचाळीसच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी, जी पडून राहिल्यावर वाढते आणि हलल्यावर कमी होते, पहाटे झोपेतून उठवते. बायकांचा मणका पुरुषांच्या मानाने कमी जुळतो, पण त्रास कमी नसतो, उलट बाळंतपणानंतरची कंबर म्हणून वर्षानुवर्षं निदानच होत नाही. एमआरआय काढायची वेळ आली तर तो सॅक्रोइलिअॅक सांध्यांचा काढा, कंबरेखाली दोन्ही बाजूंना खळ्या असतात तिथले सांधे. नुसत्या कमरेच्या मणक्याच्या एमआरआयमध्ये ते बहुतेक वेळा येतच नाहीत, गादी सरकल्याचं मात्र हटकून लिहून येतं, तुमच्या भावाचं तेच झालं.

घरी करण्यासारखं एक माप देतो. टाचा, पाठ भिंतीला लावून उभं राहायचं, हनुवटी नेहमीच्या उंचीवर, आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का ते बघायचं, नाही टेकला तर मधलं अंतर पट्टीने मोजायचं. दर तीन महिन्यांनी वहीत तारीख घालून लिहा, या महिन्यापासूनच सुरू करा.

आणि मामांबद्दल, त्यांना आता काय करायचंय असं घरात कोणी म्हणत असेल तर तसं नाही. त्यांच्यात सूज अजून आहे का ते तपासून औषधाचा विचार आजही होतो, बिडी आजही सोडता येते. हाडाची घनता बघायची तर खुब्याची बघा, पाठीच्या पुलांमुळे तिथला आकडा खोटाच चांगला येतो. खुबे गेले असतील तर बदलता येतात. सगळ्यात महत्त्वाचं, असा जुळलेला मणका साध्या पडण्याने, एसटीत खड्ड्याच्या धक्क्याने पण मोडतो, म्हणून बाथरूममध्ये कठडा, पायाखाली न घसरणारी चटई. पडल्यावर मानेत किंवा पाठीत नवीन दुखलं तर साधा एक्सरे बरा आला म्हणून घरी आणू नका, सीटी स्कॅनचा आग्रह धरा, आणि उचलताना त्यांची मान जशी वाकलेली आहे तशीच आधार देऊन ठेवा, सरळ करायला जाऊ नका. कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा की मान हलत नाही.